फिल्टरवाला, हिराकस आणि आळशी ऑक्सिजन

श्रावणात राजेंद्रनगरला काकूंकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा मांडलेली. फिल्टर विकणारा आला होता. एका पेल्यात बोअरिंगचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत कांड्या बुडवून त्यानं बटण दाबलं. बोअरिंगचं पाणी आधी हिरवट गढूळ झालं, मग पिवळं, मग मातकट तांबडं. मशीनचं मात्र नितळ. ‘‘आंटीजी, यही आपके पेट में जा रहा है!’’

मी मशीनच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता दाबा. तोही तांबडा झाला. कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड झिजून पाण्यात उतरतं. बाबाजींची राख आणि ही कांडी यांत मला तरी फरक दिसत नाही, फक्त इथे हप्ते असतात.

तो गेला, पण हिरव्याचं तांबडं होणं माझ्या डोक्यात राहिलं. पाण्यात उतरलेलं लोह फेरस असतं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं. हवेतल्या ऑक्सिजननं आणखी एक काढून घेतला की ते फेरिक होतं आणि तांबडा गाळ बसतो. ही क्रिया आम्लात कशी चालेल? समीकरण असं: चार फेरस, एक ऑक्सिजन रेणू, चार हायड्रोजन आयन, त्यांतून चार फेरिक आणि दोन पाणी. आम्ल तर इथे खर्चच होतंय. म्हणजे आम्ल वाढवलं की क्रिया जोरात चालायला हवी, असं कुणीही म्हणेल.

होतं नेमकं उलट. पीएच म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ७ ला, हवा खेळती असेल, तर निम्मं फेरस चार-पाच मिनिटांत फेरिक होतं. पीएच ६ ला त्याच कामाला सहा-सात तास लागतात, ५ ला महिनाभर. एक अंक उतरला की वेग शंभरपट कमी. हा नियम स्टम आणि ली या रसायनशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडला. साडेतीनच्या खाली वेग तळाला टेकतो आणि हिशोब वर्षांचा होतो.

खरी गंमत पहिल्या इलेक्ट्रॉनची आहे. ऑक्सिजनचा रेणू एकूण चार इलेक्ट्रॉन घेतो आणि तो सगळा सौदा फायद्याचाच आहे: त्याची ओढ १.२३ व्होल्ट, लोहाची पकड ०.७७. पण लोह एका वेळी एकच इलेक्ट्रॉन देतं, आणि पहिला घेताना ऑक्सिजनची ओढ शून्याच्याही खाली असते. पुढचे तीन तो आनंदानं घेईल, पण पहिल्यासाठी हात पुढे करत नाही. मग लोहाचीच पकड सैल व्हावी लागते. ती सैल करतात हायड्रॉक्साइड आयन. दोन हायड्रॉक्साइड चिकटलेलं फेरस इलेक्ट्रॉन झटकन सोडतं, कारण फेरिक झाल्यावर त्याला हायड्रॉक्साइडची सोबत जास्तच मानवते. साध्या पाण्यात असे कण दहा लाखांत एखादा सापडला तर सापडला, तरी बहुतेक काम तेच उरकतात. पीएच एकनं उतरला की हायड्रॉक्साइड दहापट घटतात. लागतात दोन, म्हणून फटका शंभरपट. आम्लात लोहाभोवती नुसते पाण्याचे सहा रेणू उरतात आणि पकड घट्ट राहते.

दोष ऑक्सिजनचाच, हे बारावीच्या प्रयोगातही दिसतं. त्याच आम्लात पोटॅशियम परमँगनेटचा (हाही इलेक्ट्रॉन ओढणाराच) थेंब पडला की लोह क्षणात फेरिक होतं आणि गुलाबी रंग उडतो.

स्पेनमधल्या रिओ टिंटो नदीचा पीएच दोनच्या आसपास, तरी पाणी लालभडक. तिथे जिवाणू कामाला लागलेले असतात. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा त्यांतला नामांकित. लोहाचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवणं हीच त्याची रोजीरोटी, आणि तो ही क्रिया लाखो पटींनी वाढवतो.

काकूंना पटावं म्हणून गणपतीत त्यांच्या खिडकीत दोन पेले ठेवले. दोन्हींत बोअरिंगचं पाणी आणि हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा, हरभऱ्याएवढा स्वच्छ खडा, एकात वर विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब. (लिंबू पिळून हे करू नका. सायट्रिक आम्ल लोहाला स्वतःच धरून बसतं, ती गोष्ट निराळी.) बिनआम्लाचा पेला आरतीच्या आत पिवळा झाला. दसरा उलटला तरी आम्लाचा नितळ आहे. त्यावर ‘विष’ अशी चिठ्ठी लावली आहे, आणि मोलकरणीनं त्या खिडकीची धूळ पुसायचं सोडून दिलं आहे.