डेलावेअरची कंपनी म्हणजे व्हिसा नव्हे

अमेरिकेत कंपनी काढली की व्हिसा आपसूक मिळतो, हा समज काही जाता जात नाही. डेलावेअर या अमेरिकी राज्यातली कंपनी पुण्यात बसूनही नोंदवता येते. तिने मालकी मिळते, तिथे राहायचा हक्क नाही. खास स्टार्टअप व्हिसा अमेरिकेत मुळातच नाही. गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा फक्त अमेरिकेशी करार असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, आणि भारताचा तसा करारच नाही. (फी घेण्याआधी हे सांगणारा एजंट विरळाच!) २०१७ चा उद्योजक नियम भारतीयांनाही खुला आहे, पण त्यात मिळतो तो पॅरोल, म्हणजे व्हिसा नव्हे तर अमेरिकेत तात्पुरतं राहायची परवानगी: आधी जास्तीत जास्त अडीच वर्षं, पुढे एकदाच मुदतवाढ. त्यासाठीही अमेरिकी गुंतवणूकदारांचा किंवा सरकारी अनुदानाचा भरीव पैसा कंपनीत आलेला दाखवावा लागतो. ईबी-५ या गुंतवणूकदारांच्याच दुसऱ्या व्हिसाने ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण तिथे किमान ८ लाख डॉलर लागतात.