यंत्राचं तोंड शिक्षकाकडे वळवलं तर

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि त्याचा हादरा अमेरिकी शाळांमधल्या फ्रेंच, जर्मन, रशियनच्या वर्गांपर्यंत पोचला. विज्ञान-गणितात आपण मागे पडलो आहोत, परक्या भाषांतही कच्चे आहोत, अशी भीती तिथे पसरली. १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि भाषा शिकवण्याच्या उपकरणांसाठी सरकारी तिजोरी उघडली. काही वर्षांतच हजारो शाळांमध्ये भाषा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. रांगेने लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात हेडफोन आणि मायक्रोफोन, समोर शिक्षकाचं बटणांनी भरलेलं टेबल. विद्यार्थ्याने टेपवरचं वाक्य ऐकायचं, तसंच म्हणायचं, मग त्यातला एक शब्द बदलून पुन्हा म्हणायचं.

यामागे वर्तनवाद होता. भाषा म्हणजे सवय, आणि सवय पुनरावृत्तीने लागते, असा तो साधा हिशेब. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या भाषाविषयक पुस्तकाचं परीक्षण लिहून या हिशेबाचा पायाच उखडला. माणूस कधीही न ऐकलेली वाक्यं सहज बोलतो, ती नुसत्या सवयीतून कुठून येणार, असा त्यांचा सवाल होता. पण तोवर यंत्रांच्या ऑर्डरी गेल्या होत्या.

१९६३ मध्ये रेमंड कीटिंग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा असलेल्या शाळांतली मुलं पुढे असल्याचं त्यात दिसलं नाही, उलट बऱ्याच बाबतींत प्रयोगशाळा नसलेलीच सरस निघाली. मोठी खळबळ उडाली. प्रयोगशाळा कशा वापरल्या जातात हे कीटिंग यांनी पाहिलंच नाही, असा समर्थकांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. मग पेनसिल्व्हेनिया राज्यात याहून काटेकोर आणि कितीतरी मोठा प्रयोग झाला. प्रयोगशाळेमुळे लक्षणीय फरक पडल्याचं त्यातही आढळलं नाही.

या कायद्यातली दुसरी एक तरतूद फारशी कुणाच्या आठवणीत नाही. भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षण-संस्थांसाठीही त्यात पैसे होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत असे वर्ग भरतही होते. लक्षात राहिले ते मात्र हेडफोन. उद्घाटनाची फीत खोलीला बांधता येते, शिक्षकाला नाही.

यंत्र निरुपयोगी असतं असा याचा अर्थ नाही. काही कामं ते माणसाहून चोख करतं. जपानी भाषकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येणं अवघड जातं. १९९१ साली इंडियाना विद्यापीठातल्या लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी दाखवलं, की अनेक निरनिराळ्या वक्त्यांच्या आवाजातले शब्द ऐकवले आणि दर उत्तरानंतर बरोबर-चूक सांगितलं, तर प्रौढांचाही कान सुधारतो. एकट्या शिक्षकाला इतके आवाज काढता येणार नाहीत. शब्द विसरायच्या बेतात असताना ते पुन्हा समोर आणण्याचं कामही संगणकाला छान जमतं. विस्मरणाचा आलेख हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता, पण हजार शब्दांचं असं वेळापत्रक हाताने सांभाळणार कोण?

घोडं अडतं ते बोलाचालीपाशी. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींच्या समोर बसून प्रत्यक्ष माणूस बोलत-खेळत होता, तर काहींना तेच व्हिडिओवर किंवा नुसत्या आवाजात मिळालं. बारा सत्रांनंतर चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली ती पहिल्या गटातली बाळं. बाकीच्यांवर काहीच परिणाम दिसला नाही. बाळांवरचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरं. पण समोरचा माणूस नेमकं काय करतो, हा प्रश्न मोठ्यांच्या वर्गातही तितकाच कळीचा आहे.

समजा, कुणी मराठी शिकतोय आणि म्हणतो, “मी काल घरी जातो.” शिक्षिका हसून म्हणते, “अच्छा, तुम्ही काल घरी गेलात!” तिच्या लेखी चूक सुधारून झाली. विद्यार्थ्याच्या कानावर मात्र फक्त दुजोरा पडला, चूक झाल्याचा त्याला पत्ताही नाही. १९९७ मध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. चूक सुधारण्याच्या एकूण प्रसंगांपैकी ५५ टक्के वेळा शिक्षकांनी हीच सौम्य रीत वापरली होती, आणि विद्यार्थ्यांकडून तिला काही प्रतिसाद मिळाला तो जेमतेम ३१ टक्के वेळा. याउलट “काल मी घरी...?” असं वाक्य अर्ध्यावर सोडून विद्यार्थ्यालाच ते पुरं करायला लावलं, की प्रतिसाद दर वेळी मिळत होता. प्रतिसाद म्हणजे बरोबर उत्तर नव्हे, पण डोकं चाललं एवढं नक्की. एका क्षणात यातलं काय निवडायचं, हे शिक्षकाचं खरं कसब. आणि ते आपण कसं वापरतो, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक नसतं. शिकवताना स्वतःचं बोलणं ऐकायला फुरसत कुणाला असते?

म्हणून माझ्या मते भाषावर्गातल्या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग सर्वांत कमी झाला आहे. तो म्हणजे यंत्राचं तोंड शिक्षकाकडे वळवणं.

ही कल्पना नवी नाही. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातल्या बोलण्याची वर्गवारी करण्याची पद्धत बसवली आणि त्यातून दोन-तृतीयांशाचा नियम मांडला: वर्गात दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ तो ‘कुणीतरी’ शिक्षकच असतो. गणिताच्या तासाला हे एक वेळ चालून जाईल. जिथे बोलायलाच शिकायचं आहे, तिथे हे आकडे भयंकर आहेत. गर्ट्रूड मॉस्कोविट्झ यांनी हीच पद्धत परभाषेच्या वर्गांसाठी बदलून घेतली आणि शिक्षकांना आपल्याच तासाची नोंद करायला शिकवलं. त्याच सुमारास मेरी बड रो विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. परभाषेत तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर सुचायचं आणि वर वाक्य जुळवायचं, इतकं सगळं करायचं असतं. त्याला एक सेकंद कसा पुरणार?

बी.एड. केलेल्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकाराला आणलं. मूठभर विद्यार्थी, पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, मग चित्रीकरण पाहून चर्चा आणि लगेच तोच पाठ पुन्हा. तेव्हा व्हिडिओ यंत्र म्हणजे मोठी चैन होती. अनेक अध्यापक महाविद्यालयांत पुढे कॅमेरा गळून पडला आणि वहीत टाचण लिहिण्याचा सोपस्कार उरला. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी शिक्षकांच्या कार्यशाळा बहुतेक वेळा कोणतं ॲप कसं उघडायचं याच्याच असतात.

अशा कार्यशाळांचा परिणाम वर्गापर्यंत का पोचत नाही, हे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० पासून सांगत आले. तात्त्विक माहिती आणि प्रात्यक्षिकाने समज वाढते, पण ती वर्गात उतरायला कुणीतरी वारंवार पाठ पाहून त्यावर बोलावं लागतं. २०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लाझार आणि होगन यांनी अशा मार्गदर्शनाचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या पद्धतीत आणि काही प्रमाणात मुलांच्या गुणांतही सुधारणा दिसली. मात्र कार्यक्रम मोठा झाला की परिणाम पातळ होत गेला. चांगले मार्गदर्शक घाऊक प्रमाणात मिळत नाहीत.

संगणकाला इथे जागा असू शकते. स्टॅनफर्डच्या ‘कोड इन प्लेस’ या ऑनलाइन प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमात २०२१ साली हजाराहून जास्त स्वयंसेवक शिक्षकांवर एक प्रयोग झाला. काहींना त्यांच्या तासाच्या लिखित नोंदीवरून संगणकाने तयार केलेला खासगी अहवाल मिळत असे: विद्यार्थ्याचं म्हणणं तुम्ही कुठे उचलून पुढे नेलंत, बोललं कोण किती. अहवाल मिळालेले शिक्षक विद्यार्थ्यांचं म्हणणं अधिक वेळा उचलून धरू लागले. ‘खासगी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. हाच अहवाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला, की शिक्षक रेकॉर्डिंगच्या दिवसापुरता आदर्श पाठ बसवून घेईल आणि सगळा खेळ संपेल. मुलांच्या आवाजांचं काय होणार, ते कुठे साठणार, हे पालकांना आधी सांगणंही ओघाने आलंच.

परभाषेच्या वर्गात मात्र या यंत्राला एक खास खोड आड येते. एकाच वाक्यात दोन भाषा आल्या की ते गडबडतं, लहान मुलांचे आवाज त्याला नीट कळत नाहीत. याहून मोठी पंचाईत म्हणजे बोललेलं लिहून देणाऱ्या आजच्या प्रणाली संभाव्य शब्दक्रमांवर घडवलेल्या असतात. त्यामुळे विद्यार्थी “काल जातो” म्हणाला तरी कागदावर “काल गेलो” उमटू शकतं. अहवाल स्वच्छ येतो, आणि शिक्षकाला जी चूक पाहायची होती नेमकी तीच त्यातून पुसली जाते. शिक्षक किती बोलला, किती थांबला, किती प्रश्न विचारले, याची मोजदाद यंत्रावर सोपवायला हरकत नाही. चुकांची नोंद सध्या तरी एखाद्या सहकाऱ्यासोबत बसून, रेकॉर्डिंग थांबवत थांबवत, हातानेच करावी लागते.