केस जाळून माणूस की जनावर, ते कळत नाही

पंचवटीच्या घाटापासून सिडकोच्या कट्ट्यापर्यंत एक समज ऐकू येतो: सापडलेला केस जाळा, वासावरून माणसाचा की जनावराचा ते कळतं. नाही कळत. दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच, त्यातल्या गंधकामुळे वास तसाच. वर पुराव्याची राख होते ती वेगळीच! फरक दिसतो सूक्ष्मदर्शकाखाली. केसाच्या मधोमध पेन्सिलीतल्या शिशासारखा गाभा असतो. माणसात तो सहसा केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अरुंद, तुटक, कधी नसतोच. बहुतेक जनावरांत निम्म्याहून रुंद. मांजराच्या केसावरचे खवले टोकदार, माणसाचे चपटे, एकमेकांवर चढलेले. पण केस नेमका कोणाचा, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ठरत नाही. तिथे डीएनए लागतो, आणि केस मुळासकट मिळाला तर उत्तम.