खोल जखमेत हळद भरू नका, दाबून धरा

वडोदऱ्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आले, की दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतही एक जुना समज ऐकू येतो: मांजाने खोल कापले, तर जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरावी. किरकोळ जखमेचे रक्त आपोआपच थांबते आणि श्रेय हळदीला मिळते. कापलेल्या धमनीतून उसळणारे रक्त मात्र ती पूड वाहून नेते, मोलाची मिनिटे वाया जातात आणि जखम साफ करणे डॉक्टरांना अवघड होते.

स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळहातांनी सलग, जोर लावून दाबावे, रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ते उचलू नये, भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला सांगावे. मानेच्या जखमेवरही दाबच द्यावा. गळ्याभोवती काहीही आवळून बांधणे जिवावर बेतू शकते. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, सांधा टाळून, रुंद पट्टा घट्ट आवळावा, वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सैल करू नये. हे कौशल्य केवळ वाचून येत नाही, म्हणून घरातील एकाने तरी रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गात ते प्रत्यक्ष करून शिकावे, आणि शक्यतो उत्तरायणाआधीच.