वर्षअखेरची शोधयादी

वर्ष संपत आले की शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्या त्या वर्षी लोकांनी काय काय शोधले याच्या निवडक याद्या जाहीर करतात. अशा यादीला येथे शोधयादी म्हटले आहे. त्यांत सर्वांना माहीत असलेली यादी गूगलची, ‘इयर इन सर्च’ नावाची. वर्तमानपत्रे ती वर्षाचा लेखाजोखा म्हणून छापतात. प्रत्यक्षात लोकांचे कुठे अडले, कशाने ते दचकले आणि कोणता शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला, हे तिच्यातून कळते. म्हणूनच पहिल्या दहा नावांपेक्षा ‘कसे करायचे’, ‘म्हणजे काय’ आणि ‘जवळपास कुठे’ या पोटयाद्या अधिक बारकाईने वाचण्याजोग्या असतात. भारतापुरते बोलायचे तर याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०२० ची यादी.

उगम

गूगलने वर्षअखेरीची यादी २००१ पासून ‘झाइटगाइस्ट’ या नावाने द्यायला सुरुवात केली. हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ त्या त्या काळाची मनोवृत्ती. त्या वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधले जुळे मनोरे कोसळले. ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’, ‘अँथ्रॅक्स’ (जिवाणूंमुळे होणारा एक जीवघेणा रोग), ‘तालिबान’ हे शब्द यादीत आले, पण पहिल्या जागी होता सोळाव्या शतकातला फ्रेंच भविष्यवेत्ता नॉस्त्रादेमस. हल्ल्याचे भाकीत त्याने करून ठेवले होते, असा खोटा मजकूर ईमेलवरून फिरत होता आणि तो खरा की खोटा हे लोक तपासत होते. भेदरलेला माणूस बातमीच्या जोडीला भविष्यही शोधतो, हे पहिल्याच यादीने दाखवले. मे २००६ मध्ये ‘गूगल ट्रेंड्स’ सुरू झाले आणि कोणत्याही शब्दाच्या शोधाचा २००४ पासूनचा आलेख कुणालाही पाहता येऊ लागला.

यादी कशी ठरते

सर्वाधिक शोधलेला शब्द यादीत पहिला येतो, हा समज चुकीचा आहे. यादी ठरते वाढीवर: आदल्या वर्षाच्या तुलनेत कशाचा शोध किती उसळला, यावर. यूट्यूब, हवामान किंवा रेल्वेचे वेळापत्रक रोज असंख्य वेळा शोधले जाते, पण ते दरवर्षीच शोधले जात असल्याने यादीत दिसत नाही. सातबारा, दहावीचा निकाल, आषाढी एकादशीची तारीख हे मराठी माणसाचे नेमाचे शोधही याच कारणाने मागे राहतात. आयुष्याचा जो भाग वर्षानुवर्षे तसाच चालतो, तो अशा यादीत सापडत नाही.

ट्रेंड्सचे आकडे ० ते १०० असतात. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला व प्रदेशातला त्या शब्दाचा सर्वांत वरचा बिंदू; ती शोधांची संख्या नव्हे. एकाच व्यक्तीने थोड्या वेळात पुन्हापुन्हा केलेला शोध वगळला जातो, आणि फार कमी लोकांनी केलेला शोध शून्य दिसतो. शिवाय यादी डिसेंबरच्या पूर्वार्धातच बाहेर पडते, त्यामुळे वर्षाचे शेवटचे आठवडे तिच्यातून सुटतात. नागरिकत्व दुरुस्ती कायदा (सीएए) संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०१९ मध्ये. ‘सीएए म्हणजे काय’ हा प्रश्न दिसतो तो २०२० च्या यादीत.

२०२०: भारताची यादी

या यादीत पहिला क्रमांक इंडियन प्रीमियर लीगचा, दुसरा कोरोनाव्हायरसचा. पुढे अमेरिकेच्या निवडणुकीचे निकाल, पीएम किसान योजना, बिहार आणि दिल्लीचे निवडणूक निकाल. महासाथीच्या वर्षी क्रिकेट वर कसे, असे अनेकांना वाटले. पण ती स्पर्धा त्या वर्षी मार्च ते मेऐवजी १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर या काळात संयुक्त अरब अमिरातीत, रिकाम्या मैदानांवर झाली. सहा महिने घरात कोंडलेल्या लोकांना रोज संध्याकाळी वाट पाहावी असे काहीतरी हवे होते. चौथ्या जागेवरची पीएम किसान योजना वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत देते. बाजार बंद असताना २००० रुपयांचा हप्ता खात्यात आला का, हे पाहणाऱ्या शेतकरी घरांची काळजी त्या ओळीत आहे. त्या वर्षीच्या चर्चेत ती ओळ फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही, ही खंत नोंदवायला हवी.

‘कसे करायचे’ यादीत सर्वांत वर पनीर. खालोखाल प्रतिकारशक्ती कशी वाढवायची आणि डालगोना कॉफी कशी करायची. त्याच यादीत घरच्या घरी सॅनिटायझर, केक आणि जिलेबी, आणि त्यांच्याच शेजारी ई-पाससाठी अर्ज. महाराष्ट्रात जिल्ह्याची हद्द ओलांडायला हा पास सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत लागत होता. गणपतीला खासगी गाडीने कोकणात निघालेल्या चाकरमान्यालाही तो काढावा लागला. हौस आणि अडचण एकाच हाताने, एकाच मोबाइलवर टाइप होत होती.

‘म्हणजे काय’ यादीत कोरोनाव्हायरस आणि प्लाझ्मा थेरपी (बऱ्या झालेल्यांच्या रक्तद्रवाने करायचा उपचार) असणारच होते. ‘कोलन इन्फेक्शन’ (मोठ्या आतड्याचा संसर्ग) हा शब्द मात्र एका मृत्यूमुळे आला. अभिनेते इरफान खान २९ एप्रिलला मुंबईत गेले, आणि बातमीतला हा वैद्यकीय शब्द लोकांनी शोधला. ‘नेपोटिझम’, म्हणजे घराणेशाही, हा शब्द आला तो जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर पेटलेल्या वादातून. ‘हंता व्हायरस’ मार्चमधल्या चीनहून आलेल्या एका बातमीमुळे. आधीच घाबरलेल्यांना दुसऱ्या विषाणूचे नावही पुरेसे होते.

‘निअर मी’, म्हणजे ‘माझ्या जवळपास’ ही यादी या वर्षाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. पहिली ओळ ‘फूड शेल्टर्स निअर मी’, दुसरी कोविड चाचणी. पुढे नाइट शेल्टर (रात्रनिवारा), किराणा दुकान, दारूचे दुकान, ब्रॉडबँड, लॅपटॉप आणि फर्निचरची दुकाने. २५ मार्चला टाळेबंदी लागल्यावर हाताचे काम गेलेला माणूस आणि घरी टेबल-खुर्ची मांडून नोकरी करणारा माणूस एका यादीत काही ओळींच्या अंतरावर आहेत. अन्नछत्र शोधणाऱ्यांत भुकेले किती आणि मदत करू पाहणारे किती, हे यादी सांगत नाही. तरीही सुखवस्तू देशाच्या यादीत ही ओळ पहिली आली नसती.

जे यादीत नाही

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या, घरांचे पत्रे उडाले. भारताच्या त्या वर्षीच्या बातम्यांच्या पहिल्या दहांत टोळधाड आहे, बैरूतचा स्फोट आहे, ऑस्ट्रेलियातले वणवे आहेत; निसर्ग नाही. ज्यांच्यावर ते कोसळले त्यांच्याकडे कित्येक दिवस वीजही नव्हती आणि मोबाइलला रेंजही. त्यांनी शोधायचे कशावर?

मराठीची अडचण वेगळी. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात आणि एकाच शब्दाची चार स्पेलिंगे होतात. ट्रेंड्समध्ये ‘शब्द’ म्हणून पाहिले तर ही रूपे वेगवेगळी मोजली जातात. ‘विषय’ म्हणून पाहिले तर वेगवेगळ्या भाषांतले शोध एकत्र येतात आणि मराठी त्यात विरघळते. दोन्ही वाटांनी मराठीतला शोध आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

शोधांवरून निष्कर्ष काढण्याचे प्रयत्न फसलेही आहेत. फ्लूची साथ डॉक्टरांच्या अहवालांआधी ओळखण्यासाठी गूगलने २००८ मध्ये ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकेतल्या प्रत्यक्ष नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि २०१५ मध्ये ते बंद झाले. साथीची बातमी वाचून शोधणारे आणि ताप आल्यामुळे शोधणारे वेगळे काढणे जमले नव्हते.

त्याआधी ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले शोध खुले केले होते. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. पण एकाच क्रमांकाखालचे गाव, आडनाव, दुखणी हे सारे शोध जुळवून पत्रकार थेट एका महिलेच्या घरी पोहोचले. कंपनीने माहिती लगेच मागे घेतली, तोवर तिच्या प्रती ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या.