पडीक म्हटलेला माळ आणि त्याचे राखणदार

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला की मराठवाड्यातली पक्षिमित्र मंडळी दुर्बिणी घेऊन घराबाहेर पडतात. मारुती चितमपल्ली यांचा 5 नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांना जोडून राज्यात हा सप्ताह होतो. बहुतेकांची पावलं पाण्याकडे वळतात. कोणी पैठणला जायकवाडीच्या काठावर जातं, कोणी छत्रपती संभाजीनगरात सलीम अली सरोवरावर. रोहित आणि बदकं बघून मन भरतं. उघड्या माळाकडे मात्र फार थोडे जातात. आपल्या भागातून सर्वात गुपचूप नाहीसे झालेले पक्षी त्या माळावरचेच होते.

सलीम अली इथे आले ते सरोवराला त्यांचं नाव मिळण्याच्या कितीतरी आधी. 1931-32 मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता. आपल्या मुलखातल्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंद खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते. दख्खनचा हा पठारी भाग म्हणजे कुसळी, पवन्या आणि मारवेल या गवतांचा देश, अधूनमधून बोरी-बाभळी. त्या गवतात माळढोक आणि त्याच्याच कुळातला लहानखुरा तणमोर राहत.

माळढोक म्हणजे उंचीने जवळजवळ मीटरभर आणि नर तर पंधरा किलोंपर्यंत भरणारा पक्षी. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वात वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि सुमारे महिनाभर एकटीच ते उबवते. कुत्र्याने ते खाल्लं किंवा गुराचा पाय पडला, तर बहुतेक वेळा तो हंगाम वाया जातो. एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये फिरलेल्या साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की, एका गृहस्थाने हजारभर माळढोक मारले होते. हजार! आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असल्याचा अंदाज आहे, तेही मुख्यतः राजस्थानात. 2011 पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

मराठवाड्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातलं नान्नज माळढोक राखण्यात मोलाचं ठरलं. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. पगार नाही, पद नाही, एका माणसाने चिकाटीने माळावर फेऱ्या मारल्या आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात गवताचे काही पट्टे राखले गेले आणि पक्ष्याला आसरा मिळाला. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत मिळून त्याचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं.

आणि इथेच घोडं अडलं. एवढ्या क्षेत्रात लोकांची शेती आली, गावं आली, शहरंही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. ज्याने कधी माळढोक पाहिलाच नाही, त्या शेतकऱ्यालाही तो आपला वैरी वाटू लागला. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, पण तोवर लोकांची मनं दुरावली होती. पक्षीही ओसरत गेला.

मराठवाड्यात माळाची कथा आणखी वेगळी आहे. इथला माळ म्हणजे गायरान. गायरानाचा इतिहास गवतापुरता नाही, तो भाकरीचाही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पन्नास-साठच्या दशकांत भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तेव्हा मराठवाडा त्यात पुढे होता. ज्यांच्या नावावर सातबारा कधीच नव्हता, त्यांनी गायरान कसलं. 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय नंतर सरकारनेही घेतला. म्हणून पक्षी वाचवायचा म्हणून कोणी ‘अतिक्रमण हटवा’ असं म्हणत माळावर गेला, तर मला तो मार्ग मान्य नाही. दोन एकरांवर पोट भरणाऱ्या कुटुंबाने माळढोक संपवला नाही.

गवत खरं मोडलं ते सरकारदरबारच्या एका शब्दाने: पडीक. कागदावर जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही करता येतं. कुठे सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं, कुठे खाण निघाली. आता धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी आणि बीडच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहताहेत आणि त्यांच्यासोबत विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, म्हणून तारेला धडकून तो मरतो. त्यातच ज्वारी-करडईच्या जागी सोयाबीन आणि ऊस आला. झाड लावणं हे पुण्य, असं आपण शाळेपासून शिकतो. गवताळ माळावर मात्र ‘इथे झाडं लावू नका’ असं ग्रामसभेत उभं राहून सांगणारा कार्यकर्ता लागतो, आणि ते सांगायला धाडस लागतं.

तणमोराच्या बाबतीत वाट दाखवली ती हिंगोलीच्या शेजारी, वाशीम-अकोल्याकडे. तिथे फासेपारधी समाजातल्या माणसांनीच त्याचा अधिवास राखायचं काम हाती घेतलं. इंग्रजांच्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, त्याच लोकांना पक्षी कुठे बसतो आणि कुठल्या गवतात अंडी घालतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. फास लावणाऱ्याची नजर राखणीला लागली. आपल्याकडे पारधी आहेत, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आहेत. दुर्बीणवाल्यांनी आधी त्यांच्याशेजारी बसून चहा प्यावा, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या माळावर अजून उभं गवत आहे, हे त्यांच्याइतकं तलाठ्यालाही माहीत नसतं.

कामाचा हंगामही बदलायला हवा. तणमोर एरवी गवतात असा दडतो की शेजारून गेलं तरी कळत नाही. पावसाळ्यात मात्र नर मादीला खुणावण्यासाठी गवताच्या वर उभी उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा. तो दिसतो तो त्या उडीमुळेच. म्हणजे पाहणी करायची ती जुलै ते सप्टेंबर, चिखल तुडवत, पहाटे आणि संध्याकाळी. नोव्हेंबरात आपण निघतो तेव्हा गवत कापून झालेलं असतं आणि उड्या कधीच थांबलेल्या असतात.