दिवेलागणीची खिचडी: खानदेशातल्या रातच्या जेवणाची पार्श्वभूमी

"रातले काय शे?" (रात्रीला काय आहे?) हा प्रश्न खानदेशात कुणी उत्तर ऐकायला विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं. तूरडाळ-तांदळाची खिचडी, वरून कच्च्या शेंगदाणा तेलाची धार, बाजूला भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड. पाहुणा आला तर कढी वाढते. धुळ्यात असो, अमळनेरला असो की यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, बोली बदलते, अहिराणीची लेवा बोली होते. रात्रीचं पातेलं मात्र तेच. इतकं तेच, की ही पद्धत कायमचीच असावी असं वाटतं. तशी ती नाही. रोज रात्रीचा म्हणून हा पदार्थही नवा आहे आणि जेवायची वेळही.

आधी पदार्थाचं पाहू. खिचडीचा जुना उल्लेख शोधायला गेलं की चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता भेटतो. तो मूग-तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून खाल्ल्या जाणाऱ्या 'किश्री'बद्दल लिहितो, पण लोक ती रोज सकाळी खातात, न्याहारीला. त्यानंतर तीनेकशे वर्षांनी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए आला. त्याच्या लिखाणात तीच खिचडी, हिरवे मूग, तांदूळ आणि तूप, साध्या माणसाचं संध्याकाळचं जेवण आहे. दोघांनी वेगळे प्रदेश पाहिले, वेगळी माणसं पाहिली; त्यामुळे खिचडी सकाळहून संध्याकाळी सरकली असा निष्कर्ष घाईचा ठरेल. एवढं नक्की, की ती जन्मानं रात्रीची नाही.

ताव्हेर्निए आपल्याला आणखी एका कारणानं जवळचा. सुरतहून बुऱ्हाणपूरला जाणारा त्याचा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा थेट खानदेशातून जातो. नवापूर त्याला विणकरांनी भरलेलं मोठं गाव दिसलं, आणि तिथल्या तांदळाचं तर त्यानं मनापासून कौतुक केलं आहे: दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा. आज नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, 2016 पासून. म्हणजे खिचडीचे दोन्ही जिन्नस एकाच तालुक्यात, फक्त कीर्तीत साडेतीनशे वर्षांचं अंतर.

पण नवापूर म्हणजे सगळा खानदेश नव्हे. सह्याद्रीच्या उतारावर पाऊस आहे म्हणून तिथे भात आहे. पूर्वेला तापीच्या काळ्या मातीत ज्वारीचं राज्य. 'ऐन-इ-अकबरी'त खानदेशाच्या सुभ्याचं वर्णन करताना अबुल फजल हेच सांगतो: मुख्य पीक ज्वारी, आणि काही ठिकाणी वर्षाला तिची तीन पिकं निघतात. अशा मुलखात भात सणासुदीचा आणि पाहुण्यारावळ्यांचा. रोज रात्री होती ती भाकर. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या कळण्याची भाकर, ठेचा किंवा घोटलेली भाजी, नाहीतर उडदाचं वरण. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती अजून सांगतात की त्यांच्या लहानपणी रात्रीचा भात हे चैनीचं काम होतं. तांदूळ रेशनच्या दुकानातून घरोघर आला आणि खिचडी रोजची झाली. वरच्या तेलाचंही तसंच. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही तिकडचीच. ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो त्या ताटातल्या निम्म्या वस्तू जहाजानं आलेल्या आहेत, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

खिचडी रुजली त्याला घरातलं कारणही होतं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि खानदेशातल्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. कपाशी हे बायांच्या हातांचं पीक. निंदणी त्यांची, वेचणी त्यांची. दिवसभर वेचणी करून, वजन देऊन, अंधार पडताना घरी आलेल्या बाईला चूल पेटवून भाकरी थापायच्या, भाजी करायची, म्हणजे अजून दीड तास. खिचडीला एकच पातेलं लागतं. खाली पऱ्हाट्या सारल्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या त्या, की भडका होतो आणि अर्ध्या तासात काम भागतं. तांदूळ हाताशी आल्यावर तिनं पातेल्याची निवड केली यात नवल ते काय.

आता वेळ. गुजरातीत संध्याकाळच्या जेवणाला 'वाळु' म्हणतात, हिंदीत 'ब्यालू'. दोन्हींचं मूळ संस्कृत 'विकाल', म्हणजे संध्याकाळ, या शब्दात धरतात. मराठीला न्याहारी आहे, शिदोरी आहे, पण या जेवणासाठी एका शब्दाचं नाव रुळलं नाही. आपण 'रातचं जेवण' म्हणून भागवतो. 'विकाल' शब्द मात्र आपल्या उंबऱ्यावर वेगळ्याच कामासाठी वापरात होता. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे राहणाऱ्या भिक्खूंच्या नियमांत 'विकालभोजना वेरमणी' आहे: अवेळी जेवायचं नाही. अवेळ कोणती? मध्यान्ह टळली की दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत सगळीच. शेजारच्या भाषांत ज्या वेळेच्या नावावरून जेवणाचं नाव पडलं, इथे डोंगरात त्याच वेळेला जेवण बंद.

ही ओढाताण पुढेही दिसते. जळगाव, धुळे, शिरपूरच्या बाजारपेठांतली जैन घरं चौविहार पाळतात. सूर्य मावळला की अन्नपाणी सगळं बंद. हिवाळ्यात त्या घरांत साडेपाचला ताटं मांडलेली असतात. हिंदू शास्त्रांचा सूर आणखी वेगळा. महाभारतात माणसानं सकाळ-संध्याकाळ दोनदाच जेवावं, मध्ये खाऊ नये असं सांगितलंय. आणि मनू म्हणतो, ऐन संधिवेळेला जेवू नये. आजी तिन्हीसांजेला ताटावर बसू देत नाही ती याच वळणावर. उलट 'नक्त' व्रत करणाऱ्यानं दिवसभर थांबून चांदण्या दिसल्यावरच जेवायचं. रमजानमध्ये त्याच गावातल्या मुस्लिम घरांत सूर्यास्ताकडे डोळे लागलेले असतात: अजान झाली की खजूर, पाणी, आणि रावेर-सावद्याच्या आसपास असाल तर केळं असायचंच. एका गल्लीत सूर्य बुडायच्या आत ताट उचललं जातं, पलीकडच्या गल्लीत तो बुडाल्यावर मांडलं जातं. ज्यूंचाही दिवस संध्याकाळीच सुरू होतो. शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लावायचे आणि मग दोन पावांसह शब्बाथचं जेवण. खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर हे दाऊदी बोहऱ्यांचं मोठं तीर्थस्थान. त्यांच्याकडे एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात आणि पहिला घास मिठाच्या चिमटीचा.

धर्मानं वेळेला चौकट दिली हे खरं, पण माझ्या मते ती वेळ हलवली दिव्यानं. दिवा म्हणजे तेल, आणि तेल दिव्यात घातलं की पातेल्यात कमी पडतं. तिळाचं, करडईचं, एरंडीचं तेल जपून जाळणाऱ्या घरात उजेड आहे तोवर जेवून घेण्याला पर्याय नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिव्यासाठी वेगळं तेल आलं. त्याचं इंग्रजी नाव 'रॉक ऑइल', आपल्या तोंडी ते 'रॉकेल' झालं. चिमणी आली, कंदील आला, आणि जेवण तासभर पुढे गेलं. जळगावात 1870च्या दशकात खानदेश मिल उभी राहिली, पुढे अमळनेरला प्रताप मिल. भोंग्यावर चालणाऱ्या घरात सूर्याला कोण विचारतो? भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तर अजूनही रातचं जेवण ड्युटीच्या चार्टवर असतं.

हेच इंग्लंडात आधी घडलं, जास्त ठळकपणे. 'डिनर' हा शब्द मुळात उपास सोडणं या अर्थाचा, म्हणजे न्याहारीचाच भाऊ. मध्ययुगात तिथलं डिनर सकाळी दहा-अकराला व्हायचं आणि संध्याकाळी हलकं 'सपर', ज्याचं नातं सूपशी. अठराव्या शतकात डिनर दुपारी तीन-चारवर गेलं. 1807 साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंतांचं डिनर सात-आठवर पोहोचलं होतं. मधली पोकळी भरायला लंच वाढलं, दुपारचा चहा आला. जुन्या रोमचीही हीच कथा. त्यांचं मुख्य जेवण, 'चेना', आधी दुपारचं. मग ते दिवस कलल्यावर, तीन बाकांवर रेलून नऊ जणांनी करायचं झालं. स्पेनमध्ये लोक रात्री दहाला जेवतात त्यात घड्याळाचाही हात आहे. 1940 साली फ्रँकोच्या सरकारनं देशाची घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला लावली, सूर्य मात्र आपल्या जागी राहिला. जर्मनांनी वेगळाच मार्ग काढला: दुपारी गरम, रात्री नुसता पाव, चीज आणि थंड मांस. त्याला ते 'आबेंडब्रोट' म्हणजे संध्याकाळचा पाव म्हणतात. शिळी भाकर सकाळी खाणाऱ्या आणि रात्री गरमच हवं असं म्हणणाऱ्या खानदेशाच्या बरोबर उलट.

खानदेशात रोजच्या रातच्या जेवणाला समारंभ नाही. समारंभाच्या रात्री वेगळ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिचे रोट भाऊबंदकीतच खायचे. हिवाळ्यात भरिताच्या रात्री. मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची (जळगावच्या या वांग्यालाही 2016 साली मानांकन मिळालं), लाकडी बडगीत मिरची घालून ठेचायची, वरून कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. या रात्रींचं एक वैशिष्ट्य लोक सहसा बोलत नाहीत: मळ्यातलं भरीत बऱ्याचदा पुरुष करतात, आणि त्याचं फार कौतुक होतं. घरी वर्षभर रांधणाऱ्या बाईची पंगत शेवटची असायची. पातेल्याच्या तळाची खरवड तिच्या वाट्याला, तीही पोरांनी ठेवली तर. ही खरवड चविष्ट असते म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्यांनी ती रोज खाऊन बघावी.

वीज आली आणि वेळेचा शेवटचा खुंटा उपटला गेला. टीव्हीच्या मालिकांनी गावातलं जेवण साडेआठ-नऊवर नेलं, चारच्या चहानं भूक पुढे ढकलली. पण विजेनं शेतकऱ्याच्या घरात एक उलटं कामही केलं. कृषीपंपांना वीज आळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की केळीला, कपाशीला पाणी द्यायला जायचं, त्यात आता बिबट्याची भीती. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्या फिडरवर ती पोहोचली तिथे फरक पडला, बाकीच्यांना अजून वाट पाहायची आहे.

रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात घरात दोनदा रात्र होते. पोरांची खिचडी आठला. घरधनी सातलाच दोन घास खाऊन निघतो, नाहीतर स्टीलच्या डब्यात भरून नेतो. लाईट येते बारानंतर. तोवर मोटारीच्या खोलीपाशी बसून, मोबाईलच्या उजेडात, गार झालेल्या खिचडीवर तो बाटलीतलं तेल ओततो आणि कांदा बुक्कीनं फोडतो.